कुलूपबंद घरांची नोंद: बीड जिल्ह्यातल्या एका सर्वेक्षण-प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब सर्वेक्षण शिकायला परदेशातली माणसं भारतात येतात, ही परंपरा जुनी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं आणि त्याच वर्षी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय शिक्षण केंद्रही उभं राहिलं. आशिया-आफ्रिकेतल्या सांख्यिकी कार्यालयांचे कितीतरी अधिकारी तिथे शिकून गेले. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्यानेच सुरू झाली.

इथे मांडलेलं प्रशिक्षण त्या मानाने लहान होतं. एक परदेशी विद्यापीठ, मराठवाड्यातली एक संशोधन संस्था आणि नेपाळ, इथिओपिया व आणखी काही देशांतून आलेले प्रशिक्षणार्थी. आधी वर्गात नमुना निवड, प्रश्नावली आणि मुलांची उंची-वजन मोजण्याचा सराव, मग बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या काही गावांत आणि तांड्यांवर प्रत्यक्ष सर्वेक्षण. क्षेत्रकाम आणि स्थानिक सर्वेक्षकांची तयारी माझ्याकडे होती. गावांची, संस्थांची आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

हे काम नुसत्या सरावाचं नव्हतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणाचा अहवाल जिल्ह्यातल्या यंत्रणेला द्यायचा होता. त्यामुळे कोणत्या घरात गेलो आणि कोणत्या घरात गेलो नाही, याला किंमत होती.

वेळापत्रक असं ठरलं: सप्टेंबर २०२४ मध्ये घरांची यादी, जानेवारी २०२५ मध्ये मुलाखती. जानेवारी निवडण्यामागे परदेशी विद्यापीठाचं सत्र होतं, निधी मार्चअखेर संपवायची अट होती आणि मराठवाड्याचा उन्हाळा बाहेरच्या माणसांना सोसणार नाही ही काळजीही होती. तिन्ही कारणं कार्यालयाच्या दृष्टीने रास्त. गावाच्या दृष्टीने जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम.

बीडच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, पावसाळ्यातच कोयत्याला उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत तोड करायची असते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून गाळप बंद झालं, की मजुरांच्या टोळ्या परततात. २०२४ मध्ये राज्यात गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्यामुळे जायची गडबड त्याच आठवड्यांत उडाली. सप्टेंबरात यादी करणाऱ्यांना गावं भरलेली दिसली होती.

अडचण

प्रत्येक गावातून २५ घरं यादृच्छिक पद्धतीने निवडली होती. पहिल्या दिवसापासून पर्यवेक्षकांचे फोन सुरू झाले: घराला कुलूप, शेजारच्यालाही कुलूप, तांड्यावर तर अख्खी ओळ बंद.

इथे दोन सवयी समोरासमोर आल्या. आमच्या काही सर्वेक्षकांनी पूर्वी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचं काम केलं होतं. तिथे निवडलेलं कुटुंब काही केल्या मिळालं नाही तर नियमाप्रमाणे त्याच्या जागी दुसरं घेतात आणि तशी नोंद ठेवतात. उलट ज्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेवर प्रशिक्षण बेतलं होतं, तिच्यात बदली घराला सक्त मनाई होती. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पुन्हा जायचं आणि तरी कोणी भेटलं नाही तर ठरलेला संकेतांक लिहून पुढे जायचं. लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांची जगभरची रीत हीच आहे आणि ती विचारपूर्वक घातलेली आहे. बदलीची मुभा दिली की सर्वेक्षकाचे पाय उघड्या दाराकडे वळतात.

म्हणून पहिले काही दिवस काम पुस्तिकेप्रमाणे चाललं. कुलूप असलेल्या घरापुढे ‘संपूर्ण कुटुंब दीर्घकाळ अनुपस्थित’ हा संकेतांक पडत गेला. संध्याकाळच्या बैठकीत आकडे चांगले दिसत होते आणि खरी अडचण तिथेच होती.

त्या पद्धतीत प्रतिसादाचं प्रमाण काढताना दीर्घकाळ अनुपस्थित असलेली घरं छेदातूनच वगळतात. समजा २५ घरं निवडली, १० ना कुलूप आहे आणि उरलेल्या १५ पैकी १४ घरांत मुलाखत झाली. प्रतिसाद लागतो १४ भागिले १५, म्हणजे ९३ टक्के. प्रत्यक्षात भेट झाली २५ पैकी १४ घरांशी, म्हणजे ५६ टक्क्यांशी. नियम चुकीचा नाही. चार-दोन घरं परगावी गेलेली असतील तिथे तो ठीक चालतो. पण जिथे अर्धं गाव एकाच कारणाने, एकाच वेळी बाहेर पडतं, तिथे तेच ९३ टक्के माणसाला खोटा दिलासा देतात.

शिवाय जाणारे आणि राहणारे सारखे नसतात. विहीर-बोअर असलेला, चार एकर बागायत असलेला घरी राहतो. कोरडवाहू तुकडा किंवा तोही नसलेला जातो. शाळेत जाणारी मुलं कधी आजीपाशी, कधी हंगामी वसतिगृहात राहतात, पण अंगावर पिणारी आणि नुकती चालायला लागलेली लेकरं आईबरोबरच जातात. म्हणजे ज्या वयाच्या मुलांचं पोषण मोजायला आम्ही आलो होतो, नेमकी तीच मुलं सर्वांत जास्त हाताबाहेर होती.

एका तांड्यावर हे अगदी डोळ्यांसमोर आलं. सर्वेक्षकाने कुलूप पाहून संकेतांक लिहिला होता. बरोबर नेपाळची एक प्रशिक्षणार्थी होती. तिने पाहिलं की त्याच घराच्या छपरीत तीन दगडांच्या चुलीवर एक म्हातारी भाकरी थापतेय आणि दोन मुली शेजारी बसल्यात. तिने सर्वेक्षकाला विचारायला लावलं.

“आजी, ह्या घरातली माणसं कुठं गेलीत?”

“गेलेत की कारखान्याला. बारकं संगं नेलंय, ह्या दोघीला माझ्यापाशी ठिवलंय.”

“मग किल्ली?”

तिने कमरेची किल्ली दाखवली. आत धान्य आणि पेटी आहे म्हणून कुलूप लावलेलं. पोरींचं आणि तिचं जेवणखाण छपरीतच.

आमच्या व्याख्येप्रमाणे एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. सप्टेंबरच्या यादीत या घरात एक चूल होती. जानेवारीत दोन झाल्या होत्या, एक तांड्यावर आणि एक उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत. आमच्या कागदावर मात्र एकही नव्हती. म्हातारी आणि दोन मुली समोर बसल्या असताना ते घर ‘अनुपस्थित’ झालं होतं.

त्या रात्रीच्या बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला. गावं निवडताना २०११ च्या जनगणनेतली घरांची संख्या आधार म्हणून घेतली होती: गाव मोठं तर निवड होण्याची शक्यता जास्त. त्या जनगणनेत लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती आणि त्या संपूर्ण काळात जो बाहेर असेल त्याची नोंद तो जिथे असेल तिथे करायचा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचाच काळ. ज्या गावांतून जास्त कोयते जातात, ती गावं मुळात आधारयादीतच लहान दिसण्याची शक्यता होती. सप्टेंबरात यादी करताना काही तांड्यांवर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त घरं निघाली, तेव्हा ती तेरा वर्षांतली वाढ समजून सगळे पुढे गेले होते. वाढ असणारच. पण आता तेवढ्यावर भागत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

दोन दिवस काम थांबवून चर्चा झाली. परदेशी विद्यापीठाचे प्रमुख प्रशिक्षक थांबायला आधी तयार नव्हते, कारण दिवस मोजके होते. शेवटी त्यांनीच थांबायचं ठरवलं आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. चालू क्षेत्रकाम थांबवायला धैर्य लागतं. वाहनं भाड्याची, सर्वेक्षक रोजंदारीवरचे.

पहिला पर्याय बदली घरांचा. स्थानिक सर्वेक्षकांचा कल तिकडे होता आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं: निदान २५ चा आकडा भरेल, नमुना लहान होणार नाही. पण भरलेला आकडा घरी राहणाऱ्यांचाच असता. नमुना मोठा होऊन तीच चूक अधिक ठाम दिसली असती. हा पर्याय सोडला.

दुसरा, आहे तसं पुढे जायचं आणि नंतर भारांक वाढवून, म्हणजे भेटलेल्या घरांना हिशोबात जास्त वजन देऊन, भरपाई करायची. त्यात गृहीत असं की न भेटलेली घरं भेटलेल्या घरांसारखीच आहेत. इथे ती तशी नाहीत हे आम्ही रोज पाहत होतो.

तिसरा, घरी असलेल्या माणसांकडून गेलेल्यांची माहिती घ्यायची. हे नेपाळच्या प्रशिक्षणार्थीने सुचवलं. तिच्या देशात परदेशी गेलेल्यांची नोंद जनगणनेतच मागे राहिलेल्या घरच्यांकडून घेतात. २०११ च्या जनगणनेत अशी १९ लाखांवर माणसं नोंदली गेली. कोण गेलं, वय काय, कुठे, कधी येणार, एवढं म्हातारी नक्की सांगू शकते. मात्र बारक्याचं वजन तिला सांगता येणार नाही.

चौथा, कारखान्याच्या भागात कोप्यांवर जायचं. पाचवा, पट्टा पडल्यावर परत यायचं.

चौथ्या-पाचव्यावर वाद रंगला. इथिओपियाचा प्रशिक्षणार्थी कोप्यांवर जाण्याच्या बाजूने हिरिरीने बोलला. त्याच्या देशात पूर्वीच्या सर्वेक्षणांत भटक्या पशुपालकांचे काही झोन नमुन्याबाहेर ठेवले गेले होते. अडचण खरी होती, पण परिणाम असा झाला की सर्वांत बिकट अवस्थेतल्या मुलांबद्दल बोलायला आकडाच नव्हता. “ते येतील तेव्हा मोजू, हे आम्ही पुष्कळ ऐकलंय,” असं तो म्हणाला. माझं मत पाचव्याच्या बाजूने होतं, पण त्याचं म्हणणं मला आजही पुसून टाकता येत नाही. गावी परतल्यावर मोजलेलं मूल आणि फडावर मोजलेलं मूल एकाच परिस्थितीत नसतं.

कुटुंबाचा सदस्य कोणाला म्हणायचं हेही ठरवावं लागलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रीतीप्रमाणे सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असणारा माणूस घरातलाच धरतात. ऊसतोड या रेषेच्या अगदी काठावर असते. २०२१-२२ मध्ये ऊस शिल्लक राहिल्याने मराठवाड्यातले कारखाने मे उलटेपर्यंत चालले. तेव्हा दिवाळीत गेलेला कोयता नियमाने घराबाहेरचा ठरला असता. २०२४-२५ चा हंगाम ऊस कमी असल्याने लहान होणार असं सगळेच सांगत होते, म्हणून त्या हंगामात सहा महिन्यांची रीत कामी येणार होती. पण एखाद्या बाईला घरातली मानायचं की नाही हे कारखान्याला किती ऊस मिळाला यावर ठरावं, हे काही बरोबर वाटेना. आम्ही उद्देशाची अट जोडली: परत याच घरी येणार असेल तर सदस्य.

काय केलं

जानेवारीचं काम तीन बदल करून पुन्हा सुरू झालं. ‘अनुपस्थित’ या एका संकेतांकाचे तीन केले: कोणीच नाही आणि ऊसतोडीला गेलेले, काही माणसं मागे राहिलेली, आणि इतर कारणाने बंद. मागे राहिलेल्यांची रीतसर मुलाखत घ्यायची आणि गेलेल्यांची स्वतंत्र यादी भरायची. घर पूर्ण बंद असेल तर शेजाऱ्याकडून फक्त माणसांची संख्या, वयं आणि परत येण्याचा अंदाज घ्यायचा, त्यापलीकडे काही नाही. शेजाऱ्याकडून दुसऱ्याच्या घरातलं खाणंपिणं विचारणं आम्हाला मान्य नव्हतं.

कोप्यांवर चाचणी म्हणून एक छोटं पथक शेजारच्या जिल्ह्यात गेलं. पत्ता मिळाला मुकादमाच्या फोनवरून, कारण दुसरा मार्गच नव्हता. बायका पहाटेआधी उठून फडावर गेलेल्या. गाडी भरेपर्यंत परतण्याचा नेम नाही. पथक संध्याकाळपर्यंत थांबलं. मुलाखत सुरू झाली तेव्हा मुकादम शेजारी येऊन उभा राहिला. गेल्या महिन्यात पैशाअभावी घरात कोणी उपाशी राहिलं का, हा प्रश्न आला. बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “सगळं बरंय.” पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. मुकादम काही वाईट बोलला नाही, उलट त्याने चहा मागवला. पण तिच्या घरावर त्याची उचल होती.

पथकप्रमुखाने मुलाखत सभ्यपणे आटोपती घेतली आणि त्या दिवशीचे अर्ज विश्लेषणात घ्यायचे नाहीत असं ठरलं. संमतीपत्रावर अंगठा होता, पण तिला नाही म्हणायची मोकळीक होती असं आमच्यापैकी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

मग पाचवा पर्याय उरला. त्याला पैसे नव्हते. पुण्यात ठरलेला समारोपाचा परिसंवाद रद्द करून तो ऑनलाइन घेतला आणि वाचलेली रक्कम दुसऱ्या फेरीकडे वळवली. निधीची मुदत वाढवून घ्यायला मात्र बराच पत्रव्यवहार झाला. त्यातच फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या कार्यक्रमाचा निधी थांबवला. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांना सर्वेक्षणात मदत करणारा हा कार्यक्रम. आमच्या प्रशिक्षणाचा पैसा तिथून येत नव्हता, पण भारांकाच्या कामात मदत करणाऱ्या सल्लागाराची नोकरी त्यावरच होती. ती मदत बंद झाली. ते काम मराठवाड्यातल्या संस्थेतल्या दोन तरुण संशोधकांनी शिकून केलं.

३० मार्चला गुढीपाडवा होता. हंगाम खरोखरच लवकर संपला होता आणि टोळ्या परतल्या होत्या. एप्रिलमध्ये फक्त मराठी बोलणारं पथक कुलूप असलेल्या घरांकडे पुन्हा गेलं. ऊन चढायच्या आत आणि दिवेलागणीनंतर काम. परदेशी प्रशिक्षणार्थी आपापल्या देशांतून संध्याकाळच्या बैठकीला ऑनलाइन हजर राहत.

त्याच छपरीच्या घरात बारक्याची उंची मोजली. दोन वर्षांखालचं मूल आडवं ठेवून मोजायचं असतं. शेणाने सारवलेली जमीन एका बाजूला उतरती होती, म्हणून मापनफळी आधी ओट्यावर हलवली. मूल रडायला लागलं, तेव्हा डोकं आजीने धरलं आणि गुडघे सर्वेक्षिकेने. वयाचा प्रश्न आला तेव्हा आईला महिना नक्की आठवेना. माता-बाल संरक्षण कार्ड त्या कुलूपबंद घरातल्या पेटीत सुरक्षित होतं. ते निघालं आणि जन्मतारीख मिळाली. हे छोटं वाटेल, पण या वयात दोन-तीन महिन्यांची चूक झाली तर खुजं मूल कागदावर धडधाकट ठरू शकतं. कार्ड बरोबर नेलेल्या काही घरांत ते फडावरच हरवलं होतं. तिथे अंगणवाडीच्या नोंदवहीवर भिस्त ठेवावी लागली.

निष्पत्ती

जानेवारीत आणि एप्रिलमध्ये मोजलेली मुलं एकाच तक्त्यात घालायची का, यावर शेवटची मोठी चर्चा झाली. वयानुसार उंची हळूहळू बदलते, म्हणून खुजेपणासाठी दोन्ही फेऱ्या एकत्र केल्या. उंचीच्या मानाने वजन मात्र काही आठवड्यांत खालीवर होतं. चार महिने फडावर काढून आलेल्या मुलाचं वजन आणि जानेवारीत घरी असलेल्या मुलाचं वजन यांची सरासरी काढून काहीच कळलं नसतं. म्हणून रोडपणाचे तक्ते वेगवेगळे दिले आणि तसं करण्याचं कारण तक्त्याखालीच लिहिलं.

अहवाल ठरल्यापेक्षा उशिरा गेला. प्रतिसादाचं प्रमाण त्यात दोन प्रकारे दिलं आहे, पुस्तिकेच्या सूत्राने आणि निवडलेल्या सर्व घरांच्या आधारे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आता तक्त्यांत आहेत. नुसत्या जानेवारीच्या आकड्यांवर अहवाल निघाला असता तर ती जवळजवळ दिसलीच नसती. गावांच्या आधारयादीतली त्रुटी मात्र या अहवालात दुरुस्त करता आली नाही, फक्त स्पष्टपणे नोंदवता आली.

पुन्हा करायचं झालं तर

प्रशिक्षणाचं वेळापत्रक ठरवायच्या बैठकीत गावातला एक मुकादम किंवा ऊसतोड करणारी बाई, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे मुख्याध्यापक हवेत. या तिघांना विचारलं असतं तर जानेवारी कोणी सुचवलाच नसता. घरांच्या यादीत सुरुवातीलाच ‘या घरातून कोयता जातो का’ हा एक रकाना हवा. मग जाणारी आणि न जाणारी घरं वेगवेगळे स्तर करून निवडता येतात आणि कोणत्या गावाला दोनदा जावं लागेल हे आधीच कळतं. बदली घरांबद्दलचा वाद वर्गातच घालायला हवा होता. आमच्या सर्वेक्षकांना दुसरी रीत ठाऊक आहे हे गृहीत धरून, दोन्ही रीती शेजारी ठेवून शिकवायला हव्या होत्या.

हा प्रश्न आमच्या छोट्या सर्वेक्षणापुरता नाही. पुढच्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, म्हणजे पुन्हा हंगामातच. पुढची दहा वर्षं नमुने त्याच यादीवरून निघतील. म्हणून जनगणना आधाराला घेण्यापूर्वी पावसाळ्यातल्या घरसंख्येशी ती पडताळून पाहण्याचा धडा आता अभ्यासक्रमात घातला आहे.

पुढच्या तुकडीचं क्षेत्रकाम पोळ्यानंतर, टोळ्या निघायच्या आत ठेवलं आहे आणि त्यातली काही घरं जानेवारीत पुन्हा पाहायची आहेत. कोप्यांवरच्या मुलाखतींचा प्रश्न सुटलेला नाही. मुकादमाला न विचारता तिथे पोहोचता येत नाही आणि त्याला विचारून गेलं की बाई मोकळं बोलत नाही. गावी असतानाच बाईची संमती आणि फोन नंबर घेऊन, ती सांगेल त्या वेळी तिच्याशी फोनवर बोलायचं, असं सध्या ठरलं आहे. फोन बहुतेक घरांत नवऱ्याकडे असतो. तो तिच्या हातात किती येतो, हे आधी सप्टेंबरातच विचारून घ्यायचं आहे.